बिगिन ब्लॉक चालतो कोणाच्या यंत्रावर?

मशीद बंदर परिसरातल्या एका क्लिअरिंग एजंटाकडचा बिलांचा जुना पर्ल प्रोग्राम माझ्याकडे दुरुस्तीला आला, तो अशी तक्रार घेऊन की प्रत्येक बिलावर छापली जाणारी तारीख त्या दिवशीची नसून अंधेरीतल्या यंत्रावर पर्लसीसी या पर्लचे सी भाषेमार्गे संकलन करणाऱ्या साधनाने त्याची बायनरी (थेट चालणारी फाइल) बांधली त्या दिवशीची असते. तारीख बिगिन ब्लॉकमध्ये, म्हणजे संकलन चालू असतानाच चालणाऱ्या कोडच्या तुकड्यात, भरलेली होती, आणि मूळ स्क्रिप्ट थेट चालवली की तक्रारीचा मागमूसही राहत नव्हता.

बिगिन ब्लॉकचा शेवटचा महिरपी कंस वाचला की पर्ल पुढचा मजकूर पाहण्याआधीच तो ब्लॉक चालवते आणि लगेच त्याची व्याख्या पुसून त्याने व्यापलेली मेमरी मोकळी करते. मॉड्यूल आत घेणारे 'यूज' हे विधानसुद्धा आतून बिगिनच असते. पर्लसीसीमागचे बी::सी हे मॉड्यूल मात्र सगळे संकलन उरकल्यावर, चेक ब्लॉकच्या टप्प्यावर कामाला लागते आणि त्या क्षणी मेमरीत जे ऑप-ट्री (संकलित कोडची झाडासारखी रचना) आणि जी व्हेरिएबल्स उरली असतील त्यांचेच सी भाषेत रूपांतर करते. म्हणजे बिगिनचा कोड बायनरीत पोहोचतच नाही. पोहोचतो तो त्याचा परिणाम, बांधणाऱ्या यंत्रावर गोठलेला. तारीख निदान डोळ्यांना दिसते. बिगिनमध्ये उघडलेली डेटाबेसची जोडणी अधिक फसवी, कारण तिची रचना जपली गेली तरी पलीकडे सर्व्हर नसतो.

यंत्रागणिक किंवा वेळेगणिक बदलणारी गोष्ट इनिट ब्लॉकमध्ये किंवा सरळ मुख्य कोडमध्ये हवी. इनिट रनटाइम, म्हणजे संकलनानंतरची प्रत्यक्ष चाल, सुरू होण्याच्या तोंडावर चालतो. पण मुख्य कोडमध्ये त्याच व्हेरिएबलला 'माय'ने घोषित करतानाच रिकामी स्ट्रिंग दिली असेल, तर इनिटने भरलेले मूल्य पुसले जाते. शिवाय रनटाइममध्ये 'रिक्वायर' या फाइल आत घेणाऱ्या आज्ञेने आलेल्या फाइलीतला इनिट चालतच नाही. म्हणून मला मुख्य कोडच बरा वाटतो.

पीपी या दुसऱ्या बांधणीच्या साधनाने बांधलेल्या फाइलीला हे लागू नाही. तिच्यात इंटरप्रिटर आणि स्क्रिप्ट दोन्ही असतात, स्क्रिप्टचे संकलन दरवेळी नव्याने होते आणि बिगिन ग्राहकाच्याच यंत्रावर चालतो. पर्लसीसी 2007 मध्ये आलेल्या 5.10 आवृत्तीपासून पर्लच्या मूळ संचात नाही. त्यामुळे नव्या कामाला मी पीपीच घेतो.

या प्रोग्राममध्ये तारीख आणि जोडणी मी मुख्य कोडमध्ये नेली. सीमाशुल्काच्या कोडांची लांबलचक यादी मात्र मुद्दाम बिगिनमध्येच ठेवली, कारण ती बांधतानाच एकदा वाचली गेली की ग्राहकाकडे प्रोग्राम लवकर सुरू होतो.