टायरची हवा सकाळीच बघा, गाडी काढायच्या आधी

माझे पुढचे दोन टायर वेळेच्या बरेच आधी गेले. मधली नक्षी अजून चांगली खोल होती आणि दोन्ही कडा मात्र पार गोटा, ते बघून खरंच वाईट वाटलं, कारण याचा अर्थ सरळ होता, कित्येक महिने मी कमी हवेवर गाडी चालवत होतो. हवा कमी असली की सगळा भार कडांवर येतो आणि टायर तापतोही जास्त. हवा जास्त झाली तर उलटं, मधला पट्टा झिजतो.

तेव्हापासून घरात स्वतःचं प्रेशर गेज आहे. महिन्यातून एकदा सकाळी चारही चाकं बघतो, आणि स्टेपनी पण, तिला सगळे विसरतात. सकाळीच का, तर गाडी चालली की टायर गरम होतो, आतलं प्रेशर वाढतं आणि रीडिंग जास्त येतं, मग वाटतं सगळं ठीक आहे. गाडी निदान ३ तास उभी असायला हवी. आकडा धरायचा तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नाही हो, खूप जण नेमकी हीच चूक करतात! आणि थंडी पडली की परत बघा, तापमान ५-६ डिग्रीने उतरलं तर साधारण १ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी होतो. एकच टायर सारखा उतरत असेल तर व्हॉल्ववर साबणाचं पाणी टाकून बघा, बुडबुडे आले की कळलंच.

हवा बघून झाली की नक्षीवरून हलक्या हाताने हात फिरवायचा, हातमोजा घालून, कारण फार झिजलेल्या टायरची तार बाहेर आलेली असू शकते. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत असणं, बिघडलंय, ते घरी होत नाही, पण लवकर कळलं तर टायर वाचतो. फक्त आतली कड झिजत असेल तरी तेच, आणि ती उभ्याने दिसत नाही, वाकूनच बघावी लागते.

दर ८-१० हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे, मागचे पुढे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ओढणं, वळणं, ब्रेकचा बराचसा भार सगळं पुढच्यांवरच असतं. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलायची नाही. घरी करणार असाल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका, खाली स्टँड लावा, आणि नट आळीपाळीने समोरासमोरचे आवळा.

बाकी चमकवायच्या स्प्रेची काही गरज नाही, साधा साबण पुरतो.

नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, १.६ मिमीचे. नक्षी झिजून त्यांच्या लेव्हलला आली की टायर बदलायचाच, तिथे काटकसर नको, कारण पावसात पाणी बाजूला टाकायची ताकद त्याच्या बरीच आधी कमी झालेली असते.