गांबिया : नदीच्या दोन काठांएवढा देश

पश्चिम आफ्रिकेच्या नकाशावर अटलांटिक महासागरापासून सेनेगलच्या पोटात शिरलेली एक अरुंद, नागमोडी पट्टी दिसते. सुमारे ११,३०० चौरस किलोमीटरांची ही पट्टी म्हणजे आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरील सर्वांत लहान देश, गांबिया. समुद्रकिनारा सोडला तर तिन्ही बाजूंना सेनेगलच आहे, आणि रुंदी बहुतेक ठिकाणी ५० किलोमीटरांच्या आतच भरते. या आकाराकडे अनेकदा केवळ गंमत म्हणून पाहिले जाते. माझ्या मते मात्र या देशाचे अर्थकारण आणि राजकारण समजून घ्यायचे तर सुरुवात या आकारापासूनच करावी लागते.

गिनीतील फुटा जालोन पठारावर उगम पावणारी गांबिया नदी मुखाजवळ इतकी रुंद आणि खोल आहे की समुद्रावरची जहाजे तिच्यातून बरीच आतपर्यंत जाऊ शकत. म्हणूनच युरोपीय व्यापारी येथे आले आणि गुलामांच्या व्यापाराचे एक ठाणे नदीतल्या जेम्स बेटावर उभे राहिले, ज्याला आज कुंता किंते बेट म्हणतात. पुढे ब्रिटिशांनी गुलामांचा व्यापार रोखण्यासाठी १८१६ मध्ये नदीच्या मुखाशी बाथर्स्ट हे गाव वसवले; तेच आजचे राजधानीचे शहर बांजुल. १८८९ च्या ब्रिटिश-फ्रेंच कराराने नदीच्या दोन्ही काठांवरचा साधारण दहा-दहा किलोमीटरांचा पट्टा ब्रिटिशांकडे राहिला आणि त्यामागचा सारा मुलूख फ्रान्सकडे गेला. आतल्या प्रदेशाचा माल समुद्रापर्यंत नेणारा नैसर्गिक जलमार्ग त्याच प्रदेशापासून तोडला गेला आणि सेनेगलचा दक्षिणेकडचा कासामान्स भाग उत्तरेपासून अलग पडला, हे वसाहतकाळातले मोठे नुकसान आहे असे मला वाटते. २०१६ मध्ये गांबियाने सेनेगलच्या मालमोटारींवरचे शुल्क वाढवताच सीमेवरची वाहतूक कित्येक आठवडे ठप्प झाली होती. फाराफेन्नीजवळ नदीवर पूल झाला तो थेट २०१९ मध्ये. तोपर्यंत तेथे मोटारींच्या रांगा फेरीबोटीची वाट पाहत उभ्या असत.

शेती पावसावर चालते आणि पाऊस साधारण जून ते ऑक्टोबर एवढाच. वरच्या रेताड जमिनीत पुरुष भुईमूग लावतात, तर नदीकाठच्या पाणथळ जागी भाताची शेती परंपरेने बायकांकडे आहे. कोरड्या ऋतूत समुद्राचे खारे पाणी नदीतून दीडशे किलोमीटरांहूनही आत चढते, आणि पावसाने ते मागे रेटल्याशिवाय खालच्या खाचरांत भात लावता येत नाही. पाऊस उशिरा आला की लावणीही लांबते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून भुईमुगाची निर्यात वाढत गेली आणि त्या पैशातून तांदूळ बाहेरून आणण्याची रीत पडली. एका पिकावरचे हे अवलंबित्व स्वातंत्र्यानंतरही सुटले नाही. त्याला जोड मिळाली ती हिवाळ्यात येणाऱ्या युरोपीय पर्यटकांची, आणि बांजुल बंदरात उतरवलेला माल कमी जकातीच्या बळावर शेजारी देशांत पाठवण्याच्या व्यापाराची. अलीकडे परदेशी गेलेल्या लोकांनी घरी पाठवलेला पैसा देशाच्या उत्पन्नाच्या एक-पंचमांशाच्या पुढे गेला आहे.

१८ फेब्रुवारी १९६५ रोजी देश स्वतंत्र झाला. पशुवैद्य असलेले दौदा जावारा आधी पंतप्रधान आणि १९७० पासून राष्ट्राध्यक्ष होते. १९८१ मधला उठाव सेनेगलच्या सैन्याने मोडून काढला, आणि त्यातूनच पुढच्या वर्षी दोन्ही देशांचा सेनेगांबिया महासंघ स्थापन झाला. तो १९८९ मध्ये विसर्जित झाला, यात मला नवल वाटत नाही. जकात एकसारखी केली असती तर गांबियाच्या व्यापाराचा आधारच गेला असता. १९९४ मध्ये लेफ्टनंट याह्या जामे यांनी सत्ता बळकावली आणि त्यानंतरच्या बावीस वर्षांत पत्रकार व विरोधक यांना तुरुंगवास, छळ आणि मृत्यूही सोसावा लागला.

१ डिसेंबर २०१६ च्या निवडणुकीत ही राजवट ज्या साधनाने हरली, त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. १९६० च्या दशकात, बहुसंख्य मतदार निरक्षर असताना, येथे कागदी मतपत्रिकेऐवजी काचेची गोटी स्वीकारली गेली. प्रत्येक उमेदवाराच्या रंगाचा आणि छायाचित्राचा पत्र्याचा पिंप असतो. मतदार पडद्याआड जाऊन वरच्या नळीत गोटी सोडतो आणि आतली घंटा एकदा वाजते. दुसरी गोटी टाकली तर बाहेर बसलेल्या कर्मचाऱ्यांना ते ऐकू येते. अशा मतदानातून अडामा बॅरो निवडून आले. जामे यांनी पराभव मान्य केला आणि आठवडाभराने शब्द फिरवला. बॅरो यांचा शपथविधी १९ जानेवारी २०१७ रोजी सेनेगलची राजधानी डाकार येथील गांबियाच्या दूतावासात करावा लागला, पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमूहाच्या फौजा सीमा ओलांडून आल्या आणि दोन दिवसांनी जामे देश सोडून गेले.

राज्यघटना मात्र जामे यांच्या काळातली, १९९७ चीच राहिली. राष्ट्राध्यक्षाच्या कार्यकाळावर मर्यादा घालणारा नवा मसुदा २०२० मध्ये संसदेत आवश्यक तीन-चतुर्थांश मतांअभावी फेटाळला गेला, आणि २०२१ मध्ये बॅरो पुन्हा निवडून आले ते त्याच जुन्या घटनेखाली.