नवा क्रॉसबो : १० मीटरवरून १५ मीटरवर

क्रॉसबो म्हणजे दांड्यावर आडवं बसवलेलं, ट्रिगरने सुटणारं धनुष्य, आणि बोल्ट म्हणजे त्याचा आखूड बाण. १० मीटरवर बोल्ट आता तळहाताएवढ्या जागेत पडतात, म्हणून लक्ष्य १५ मीटरवर नेलं. नेमाची प्रगती एवढीच, आणि तिचं फार कौतुक नको. १५० पौंडांच्या ओढीचा रिकर्व्ह (धनुष्याची टोकं पुढे वळलेला) क्रॉसबो, त्यावर स्कोप आणि खाली टेकू असला की १० मीटरवर कुणाचेही बोल्ट असेच पडतील. वहीत मी लिहितो ते निराळंच : दोरी अडकल्यापासून बोल्ट सुटेपर्यंत किती वेळ गेला.

कारण सांगतो. हातात क्रॉसबो दिसला की सोलापुरात पहिला प्रश्न येतो, "साताऱ्याच्या आदिती स्वामीसारखं का?" २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेती झालेली ती मुलगी कंपाउंड म्हणजे कप्प्यांचं धनुष्य मारते. तिथे दोरी स्वतःच्या खांद्यावर तोलून धरावी लागते. खांदा दमला की तो बोलतो, मग बाण सुटतो नाहीतर दोरी हळूच परत सोडली जाते. क्रॉसबोत दोरी एकदा लॅचवर, म्हणजे ती धरून ठेवणाऱ्या आकड्यावर, बसली की सगळा भार लॅच पेलतो आणि आपल्याला काहीच जाणवत नाही. ६८ किलोची ओढ मांडीवर निवांत पडलेली असते आणि आपण फोन बघतो, पाणी पितो, गप्पा मारतो. नवख्याचा धोका इथे आहे, नेम चुकण्यात तेवढा नाही.

वेळ कमी करायचा म्हणजे घाईत मारायचं, असं मात्र नाही. श्वास, नेम, ट्रिगर यांना लागेल तेवढा वेळ द्यायचा. बाकीची सगळी कामं दोरी ओढण्याच्या आधी उरकायची. चष्मा डोळ्यावर. लक्ष्यामागे आणि दोन्ही बाजूंना नजर. बोल्ट हातात घेऊन तपासलेला. कार्बनचा असेल तर हलकेच वाकवून कानाशी धरायचा. कुरकुरला किंवा बारीकशी चीर दिसली तर तो बाद. ॲल्युमिनियमचा असेल तर सपाट फळीवर लोळवून बघायचा. नॉक, म्हणजे बोल्टचं दोरीला टेकणारं मागचं टोक, क्रॉसबोच्या पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रकारचा हवा, सपाट म्हटलं असेल तर सपाट, चंद्रकोरी म्हटलं असेल तर चंद्रकोरी. चुकीच्या नॉकवरून दोरी वर किंवा खाली घसरते. वजनही पुस्तिकेतल्या किमान ग्रेनच्या (बोल्टचं वजन या एककात मोजतात) खाली नको. फार हलका बोल्ट म्हणजे जवळजवळ ड्राय फायरच, म्हणजे बोल्ट न लावताच दोरी सोडणं. सगळी ताकद बोल्टमध्ये न जाता लिम्बमध्ये, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यात, परत शिरते आणि लिम्ब तडकतो. साध्या धनुष्याचे बाण यात घालून बघू का, असं एकाने विचारलं होतं. अजिबात नाही.

हे झालं की मगच क्रॉसबोच्या पुढच्या टोकाच्या रिकिबीत पाय. बुटाचा मधला भाग पुरता आत हवा आणि बूट खरोखर बूट हवा, चप्पल चालत नाही. ओढायला कॉकिंग रोप, म्हणजे दोरी मागे खेचायची वेगळी दोरी, वापरतो. त्याने जोर निम्मा लागतो, पण मला त्याचा खरा उपयोग दोरी मधोमध बसण्यासाठी वाटतो. दोरी जराशी एका बाजूला बसली तरी बोल्ट डावीउजवीकडे जातात आणि माणूस उगाच स्कोप फिरवत बसतो. रेलच्या, म्हणजे बोल्ट ज्या खाचेच्या पट्टीवर बसतो तिच्या, दोन्ही कडांशी दोरीवर मार्करने खुणा केल्या आहेत. ओढल्यावर दोन्ही खुणा सारख्या दिसल्या पाहिजेत. क्लिक ऐकायचं, सेफ्टी लागली का ते डोळ्यांनी बघायचं, बोल्ट दोरीला टेकेपर्यंत मागे सरकवायचा, वेगळ्या रंगाचं पीस खाली खाचेत.

अंगठ्याबद्दल जरा जास्त बोलतो. डावा हात पुढच्या पकडीला खालून उघडा ठेवायचा, बोटं रेलच्या पातळीच्या खाली. रायफल धरायची सवय असलेल्यांचा अंगठा आपोआप वर येतो, आणि दोरी ज्या वेगाने रेलवरून जाते त्यात ती अंगठ्याला दयामाया दाखवत नाही. मी खांद्याला लावल्यावर रोज "अंगठा" असं मोठ्याने म्हणतो. सोबतचा मित्र हसतो. हसू दे. लिम्बची टोकंही सुटताना झटक्याने हलतात, म्हणून दाराची चौकट, टेबलाची कड, बाभळीची फांदी आणि शेजारचा माणूस, सगळ्यांपासून हातभर तरी मोकळी जागा.

जागा मंगळवेढा रस्त्यावरच्या मामांच्या शेतात मिळाली. शेततळं खोदताना निघालेल्या काळ्या मातीचा पुरुषभर उंच ढीग तिथे आहे. पुढच्या अंगाचे दगड-मुरूम वेचून काढले, कारण दगडावर बोल्ट उसळतो. ढिगासमोर लक्ष्य. तयार फोमचं घेतलं नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीकडून चादरी-टॉवेलची कात्रणं किलोवर आणली आणि बारदानात दाबून दाबून भरली. साध्या टोकाचे बोल्ट यात छान थांबतात आणि दोन बोटांनी निघतात. रुंद पात्यांची टोकं यात मारू नयेत, चिंध्यांत अडकतात. भरण गच्च हवं, आणि आत बटण किंवा चेन राहिली नाही ना ते चिंधी चिंधी बघून. आपल्या गावात हा कच्चा माल मिळतो, याचा मला फार आनंद आहे.

उभ्या ज्वारीच्या दिशेने मारायचं नाही. रब्बीत ज्वारी माणसापेक्षा उंच होते, आत राखणीला कोण आहे ते कळत नाही आणि बोल्ट ताटातून सहज पार जातो. आकाशाकडे तर दोरी ओढलेला क्रॉसबो वळवायचाच नाही. सुटलेला बोल्ट काही शे मीटरवर कुठेही पडतो. आणि "नान्नजकडे जाऊ, मोकळं माळरान आहे" असं सुचवणाऱ्यांना : ते माळढोकचं अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाण नावानिशी आहेत आणि लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. शिकार हा विषय तर बोलायचाच नाही.

परवा सगळ्यात उपयोगी सराव आपोआप झाला. दोरी ओढलेली, बोल्ट बसवलेला, आणि बांधावरून मामांची हाक, "काय करालाव बे, चहा झालाय!" ते बाजूने चालत येत होते. बोट ट्रिगरच्या बाहेर, सेफ्टी लावलेली, तोंड लक्ष्याकडेच, आणि "मामा, तिथंच थांबा!" ते माझ्या मागे येऊन उभे राहिल्यावर पुन्हा सगळीकडे बघितलं, बोल्ट बारदानात मारला, मग चहा. ओढलेली दोरी हाताने परत सोडता येत नाही, नुसता ट्रिगर दाबणं म्हणजे ड्राय फायर. म्हणून रिकामं करायचं तेही बोल्ट मारूनच. काही क्रॉसबोंत ड्राय फायर अडवणारा खटका असतो. माझ्यात आहे, पण मी तो नाही असंच धरून चालतो.

तेव्हापासून नियम केला : कुणी दिसलं, बोलायला आलं, तर दोरी ओढायचीच नाही. वेळ आधी मिनिटाच्या वर जायचा, आता निम्म्यावर आला आहे. सगळी बचत ओढण्याआधीच्या कामांतून झाली, नेम धरायला लागणारा वेळ होता तेवढाच आहे.

देखभालीचं थोडक्यात. दोरीला मेण, पण रेलवर घासणाऱ्या मधल्या गुंडाळलेल्या भागाला नाही. तिथे आणि रेलवर रेलचं वंगण, तेही थेंबभर, नाहीतर इथली धूळ त्याला चिकटते. लिम्बवरून दर वेळी बोट फिरवून चीर बघायची. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीशीपार असताना बंद गाडीत क्रॉसबो ठेवायचा नाही, उष्णतेने लिम्ब आणि दोरी दोन्ही खराब होतात.

आंतरराष्ट्रीय मॅच क्रॉसबोची अंतरं १० आणि ३० मीटर आहेत. मला ३० ची घाई नाही. बारदानाच्या मधली चिंधी मार खाऊन बसली आहे, ती पुन्हा भरल्याशिवाय १५ मीटरवरही पुढचा बोल्ट मारणार नाही. टॉवेलची कात्रणं जास्त टिकतात की चादरीची, ते कुणी करून बघितलं असेल तर सांगा.