नऊशे डॉलरसाठी सुटलेलं कॉलेज

अमेरिकेतल्या कॉलेजांचा विषय निघाला की सगळी चर्चा ॲडमिशनवर, कुणाला घेतलं, कुणाला नाही. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ॲडमिशनमध्ये मुलाची रेस, म्हणजे वंश, बघायला बंदी घातली तेव्हाही तेच. पण आत गेलेली मुलं डिग्री घेऊन बाहेर पडली का, हे कोण विचारतं? २०१० साली चार वर्षांच्या कॉलेजात फुल टाइम शिकायला लागलेल्या मुलांचे सरकारी आकडे बघा. सहा वर्षांत, म्हणजे दोन वर्षं जास्त देऊनही, त्याच कॉलेजातून डिग्री मिळालेली गोरी मुलं ६४ टक्के, हिस्पॅनिक (मूळ स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतल्या घरांमधली) ५४ आणि ब्लॅक ४०. निम्म्याहून जास्त ब्लॅक मुलं तिथून डिग्रीविना, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यावर कर्ज मात्र राहिलेलं.

मग लोक लगेच म्हणतात की शाळाच वाईट होत्या, मुलं तयार नव्हती. शाळांमध्ये फरक आहेच, नाही कोण म्हणतंय, पण अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीचं काय झालं ते बघितलं की हे उत्तर मला अजिबात पटत नाही. तिथे २००३ मध्ये ग्रॅज्युएशन रेट ३२ टक्के होता. त्यांनी आपलाच डेटा काढून बघितला तर कळलं की शेवटच्या वर्षापर्यंत आलेली, नीट पास होणारी मुलंसुद्धा थोडीशी फी थकली म्हणून वर्गातून काढली जातायत, आणि एकदा गेलेलं मूल सहसा परत येत नाही. म्हणून २०११ पासून त्यांनी अशा मुलांच्या खात्यात थेट पैसे भरायला सुरुवात केली, अर्जबिर्ज काही नाही, सरासरी रक्कम नऊशे डॉलरच्या आसपास. नऊशे डॉलर! चार वर्षांची मेहनत एवढ्याशा रकमेवर अडकलेली असायची. शिवाय २०१२ पासून मुलगा चुकीचा कोर्स घेतोय किंवा मेन विषयात मार्क घसरलेत असं दिसलं की ॲडव्हायझर, म्हणजे अभ्यासाबाबत सल्ला देणारा कॉलेजचा माणूस, स्वतःहून त्याला गाठतो, मुलाने येऊन विचारायची वाट बघत नाही. मला हे पैशांइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण घरात पहिल्यांदाच कॉलेजला गेलेल्या मुलाला नेमकं काय विचारायचं हेच माहीत नसतं. पुढे तिथला रेट पन्नासच्या वर गेला आणि ब्लॅक, हिस्पॅनिक मुलं बाकीच्यांच्या बरोबरीने ग्रॅज्युएट व्हायला लागली. ॲडमिशनचे नियम कडक करून नाही हं.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतही तेच दिसलं. २००७ साली तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांची डिग्री देणाऱ्या कॉलेजांत, असाप (ASAP) नावाचा प्रोग्रॅम आला: मेट्रोचा पास, पुस्तकांचा खर्च, उरलेली फी आणि मोजक्याच मुलांना बघणारा ॲडव्हायझर. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून अभ्यास केला तर तीन वर्षांत डिग्री घेणारे ४० टक्के निघाले, प्रोग्रॅममध्ये नसलेल्यांत २२. खर्च जास्त येतो हे खरं, पण एका डिग्रीमागे हिशोब केला तर उलट स्वस्तच पडतं.

आणि तरीही कितीतरी कॉलेजं आजही थकबाकी असली की ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कोर्स आणि मार्कांचा अधिकृत दाखला, अडकवून ठेवतात, म्हणजे पास झालेले कोर्स दुसऱ्या कॉलेजात दाखवताच येत नाहीत आणि मूल तिथेच थांबतं. याचा सगळ्यात जास्त फटका ज्यांच्या घरी साठवलेला पैसा नाही त्यांनाच बसतो, आणि अशी घरं ब्लॅक, हिस्पॅनिक मुलांचीच जास्त आहेत. कॅलिफोर्नियाने कायदा करून हे बंद केलं, नंतर न्यूयॉर्कनेही. हे सगळ्या राज्यांत बंद व्हायला हवं, आणि थकबाकीची नोटीस मुलाला जाते त्याच दिवशी ॲडव्हायझरलाही जायला हवी.