आमची वाटचाल : जुन्या गाड्यांच्या स्टीअरिंगवर चाललेलं धुळ्याचं गॅरेज

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात मिळतात, त्यामुळे इथल्या गॅरेजांना कामाची ददात कधी नव्हती. आमची सुरुवातही चारचौघांसारखीच. प्रवासी जीपा, अँबॅसिडर, प्रीमियर पद्मिनी, जे येईल ते. पुढे पद्मिनी बंद झाली, २०१४ मध्ये अँबॅसिडरही बंद झाली आणि नव्या गाड्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊ लागल्या. जुनी गाडी हौसेनं सांभाळणाऱ्याला मात्र तिला हात लावणारा माणूस मिळेना. त्या गाड्यांचे पुलर (घट्ट बसलेला भाग ओढून काढायचं अवजार), मॅन्युअल आणि उतरवलेला माल आमच्याकडे पडून होताच. मग हेच काम धरलं, आणि त्यातही स्टीअरिंगचं.

इंजिन बांधणारे तालुक्याला दोन-चार तरी असतात. स्टीअरिंगची तक्रार आली की बहुतेक ठिकाणी बॉक्सचा, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्याखालच्या गिअरच्या पेटीचा, ॲडजस्टिंग स्क्रू आवळून गाडी परत देतात. खेळ, म्हणजे गाडीची चाकं न वळता स्टीअरिंग मोकळं फिरणं, गेल्यासारखा वाटतो, आणि खरं दुखणं तिथूनच सुरू होतं. गाडी जास्त वेळ सरळ चालते, म्हणून वर्म, म्हणजे बॉक्समधला आट्यांचा दांडा, मधोमध जास्त झिजतो आणि दोन्ही टोकांना जवळपास कोरा राहतो. मधला खेळ मारायला स्क्रू आवळला की टोकांना जाम होतो. धुळ्याजवळच्या लळिंग घाटात वळण संपल्यावर चाक आपोआप सरळ यायला हवं, ते येत नाही, ओढून आणावं लागतं. अशा गाडीपेक्षा थोडा खेळ असलेली गाडी बरी. अँबॅसिडरला बॉक्स नाही, रॅक आहे, म्हणजे दातांची सरळ पट्टी. पण रॅकचे दातही मध्येच झिजतात, त्यामुळे तिथेही डँपर (रॅक दाबून धरणारा भाग) आवळून तेच होतं.

आमच्याकडे गाडी आली की आधी काहीच खोलत नाही. चाकं जमिनीवर, गाडी सरळ. एक जण स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलकं हलवतो, दुसरा खाली झोपून एकेका सांध्यावर बोटं ठेवतो. बॉक्स चेसिसवर हलतो का, ड्रॉप आर्म (बॉक्समधून बाहेर आलेला हात), आयडलर आर्म (समोरच्या बाजूचा त्याचा जोडीदार), टाय रॉड एंड (चाकाकडच्या दांडीचा सांधा), सगळं क्रमानं. आयडलर आर्मचं बुश गेलेल्या पद्मिनीत बॉक्सला उगाच दोष मिळतो. मग जॅक लावून चाक वर-खाली धरून किंग पिन, म्हणजे चाक जिच्यावर वळतं ती पिन, बघायची. जीपमध्ये पुढच्या क्रॉसमेंबरवरचा बेल क्रँक (बॉक्सकडून आलेली हालचाल चाकांकडे वळवणारा हात) आधी बघतो. त्याची पिन नि बुश झिजली की गाडी रस्त्यावर पोहत चालते. स्टीअरिंगच्या चाकाच्या रिमवर पट्टी धरून खेळ मोजतो. बॉक्सच्या गाडीत सहा ते आठ सूत (आठ सूत म्हणजे एक इंच) चालवून घेतो, रॅकच्या गाडीत चार सुतांच्या वर नाही.

‘स्टेरिंग जड जास भाऊ’ ही तक्रार वेगळी. आधी टायरची हवा आणि किंग पिनचं ग्रीस बघायचं. त्यानंही भागलं नाही तर ड्रॅग लिंक, म्हणजे बॉक्सकडून चाकांकडे जाणारी दांडी, सोडवायची नि स्टीअरिंग फिरवून बघायचं. हलकं झालं तर दोष खाली आहे. जडच राहिलं तर बॉक्स किंवा कॉलम, म्हणजे स्टीअरिंगचा दांडा नि त्याची नळी. आता डॅशबोर्डखालचा कॉलमचा क्लँप ढिला करायचा. जीपमध्ये निम्म्या वेळा इथेच उत्तर मिळतं, क्लँप सुटला की कॉलम बाजूला सरकतो नि चाक दोन बोटांनी फिरतं. बॉडीखालची रबरं चेपलेली असतात, बॉडी खाली बसते, बॉक्स मात्र चेसिसवर जागेवरच असतो, आणि मधला कॉलम वाकडा धरला जातो. रबरं बदलायची, क्लँप सगळ्यात शेवटी आवळायचा. बॉक्सला हात लावायचं काम नाही.

बॉक्स खोललाच तर क्रम पाळावा लागतो. जीपच्या कॅम-लिव्हर बॉक्समध्ये आधी वरच्या कव्हरखालच्या शिमनी (पातळ चकत्यांनी) कॅमचा, म्हणजे इथल्या वर्मचा, उभा खेळ काढायचा, एका वेळी दोन-तीन थाऊच (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). त्यानंतर बाजूच्या कव्हरचा स्क्रू, तोही चाकं सरळ ठेवून, मध्ये किंचित अडखळ लागेल इतकाच, आणि मग लॉकनट. उलट क्रमानं केलं तर बेअरिंगचा खेळ स्क्रूनं झाकला जातो. आत गिअर ऑईल नव्वद, ग्रीस नाही. ग्रीस एकदा बाजूला सरलं की परत वर्मवर येत नाही. ऑईल गळतं म्हणून ग्रीस कोंबणाऱ्यांनी सील बदलावं, सील स्वस्त असतं.

स्टीअरिंगचं चाक उतरवताना आधी शाफ्टवर नि हबवर पंचानं खूण करायची. नट पूर्ण काढायचा नाही, तीन-चार आटे राहू द्यायचे, नाहीतर पुलरनं सुटलेलं चाक तोंडावर येतं. शाफ्टच्या टोकावर हातोडा तर अजिबात नको; ठोका थेट खालच्या बेअरिंगला जातो नि कपावर गोळ्यांचे खड्डे पडतात.

हँड गिअरच्या, म्हणजे गिअरची दांडी कॉलमवर असलेल्या, गाड्यांत कॉलमचं आणखी एक काम निघतं. लिंकेजची बुशं झिजली की एक गिअर पुरता सुटायच्या आत दुसरा पडतो नि दोन्ही अडकतात. ड्रायव्हर बोनेट उघडून दांड्या हातानं न्यूट्रलला आणतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ती बुशं बदलली तर बोनेट उघडावंच लागत नाही. वळताना आपोआप हॉर्न वाजत असेल तर कॉलममधून येणाऱ्या वायरचं कव्हर घासलेलं असतं.

सुटे भाग मिळवणं हाच आता धंद्याचा अर्धा भाग. जीपचा माल मिळतो. पद्मिनीसाठी कुर्ल्याच्या जुन्या बाजारात फेरी मारावी लागते. उरलेले भाग धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतल्या टर्नरकडून करून घेतो. ड्रॉप आर्मच्या शाफ्टला गनमेटलचं बुश, गिअर लिंकेजला नायलॉन. कॉलमच्या वरच्या तोंडाशी फेल्टचं बुश असेल तर तिथे फेल्टच घालतो, तेलात भिजवून. नायलॉन तिथे करकरतं. खानदेशचा उन्हाळा सील नि बूट (रॅकच्या टोकांवरची रबरी टोपणं) लवकर तडकवतो, आणि तडकलेल्या बुटातून काळ्या मातीचा गाळ रॅकवर गेला की तो पॉलिश पेपरसारखं काम करतो. म्हणून मे महिन्यानंतर, पाऊस लागायच्या आत, बूट तपासून घ्या असं आम्ही सगळ्यांना सांगतो.

२०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेत विंटेज नोंदणी मिळते, त्यामुळे मूळ भाग जपणारे गिऱ्हाईक वाढले. त्यांना एकच विनंती, आधीच्या मेकॅनिकनं काढलेला तुटका माल भंगारात देऊ नका, सोबत आणा. अर्धं बुश असलं तरी आम्हाला माप मिळतं.