पाठीतलं इंजेक्शन सोपं, चिठ्ठी अवघड

गेल्या महिन्यात बडोद्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशनला तास लागला, त्याआधीच्या एका चिठ्ठीला नऊ दिवस.

मला जुना दमा. भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, पूर्ण भूल टाळू, पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करू. पण तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलाय, रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल चालू आहे. ही गोळी ५ ते ७ दिवस बंद असल्याशिवाय मणक्यात सुई घालत नाहीत. आत रक्त साकळून नसांवर दाब आला तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. आणि गोळी थांबवायची की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून द्यायचं.

घोडं अडलं ते इथे. दांडिया बाजारातून रोज रिक्षा करून त्या दवाखान्यात जायचो. काउंटरवरची मुलगी म्हणायची, "काका, काले आवजो." पाचव्या दिवशी चिठ्ठी हातात आली. तिच्यावर एकच ओळ, 'भूलतज्ज्ञांच्या सल्ल्याने'. बाईंनी ती तशीच परत दिली. "काका, गोळी कधी बंद, कधी सुरू, हे मला हवंय." पुन्हा चकरा. रोज सकाळी गोळी पोटात जातच होती, त्यामुळे ठरलेली तारीख हुकली. शेवटी नवव्या दिवशी स्टेंटची फाइल मांडीवर घेऊन दिवेलागणीपर्यंत तिथेच बसलो. डॉक्टरांनी दोन मिनिटांत लिहिलं: क्लोपिडोग्रेल ७ दिवस बंद, अ‍ॅस्पिरिन चालू. एवढ्यासाठी नऊ दिवस! अजून संताप होतो. म्हणून सांगतो, तारीख घ्यायच्या आधी ही चिठ्ठी घ्या, आणि दाराबाहेर पडण्यापूर्वी वाचा. गोळी मात्र मनाने बंद करू नका. मला मोह झाला होता. स्टेंट बंद पडला तर जीवावर बेतेल.

इंजेक्शनच्या वेळी उशी कवटाळून, पाठ वाकवून बसवतात. मुंगी चावल्यासारखं झालं, मग मांड्यांत ऊब पसरली. बाईंनी स्पिरिटचा बोळा पोटावर फिरवला. थंडावा कळेना, तेव्हाच सर्जननी सुरुवात केली.

हो, ऑपरेशनआधीच्या चहाचं राहिलं. दुधाचा चहा खाण्यात धरतात, सहा तास आधी बंद. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं.

साडेतीन तासांनी उजव्या पायाचा अंगठा हलला. बायकोला म्हटलं, "बघ." ती तो अंगठा मुठीत धरून बसून राहिली.