तुम्ही विचारलंत म्हणून: मोनेरोचा माग खरंच लागत नाही का?

"बिटकॉइनचा माग काढता येतो हे समजलं. पण मोनेरो किंवा झीकॅश वापरलं तर कुणाला काहीच कळणार नाही ना?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. मोनेरो आणि झीकॅश ही व्यवहार झाकून ठेवण्यासाठी बनवलेली डिजिटल नाणी. विचारणाऱ्यांपैकी काहींची सुरक्षितता या उत्तरावर अवलंबून असते, म्हणून गुळमुळीत बोलून चालणार नाही. माग काढणं खूप अवघड होतं, पण अशक्य होत नाही. आणि जिथे माग लागला, तिथे बहुतेक वेळा गणिताला कुणी हातही लावलेला नव्हता.

झीकॅशचंच बघा. 2016 मध्ये आलेल्या या नाण्यामागचं गणित विलक्षण आहे: कुणी, कुणाला, किती दिले यातलं काहीही उघड न करता व्यवहार खरा असल्याचं सिद्ध होतं. मात्र ही सोय झाकलेल्या पत्त्यांपुरती आहे (पत्ता म्हणजे खाते क्रमांकासारखी ओळख). ज्यांचे व्यवहार सगळ्यांना दिसतात असे पारदर्शक पत्तेही सोबत आहेतच, आणि लोक दोन्हींमध्ये ये-जा करतात. समजा, एका पारदर्शक पत्त्यावरून 37.4182 झीकॅश झाकलेल्या भागात गेले आणि तासाभरात 37.4181 दुसऱ्या पारदर्शक पत्त्यावर बाहेर पडले. फरक 0.0001 चा, म्हणजे पूर्वी वॉलेट (नाणी सांभाळणारं सॉफ्टवेअर) आपोआप लावत असे तेवढ्या शुल्काचा. आत काय झालं ते दिसलं नाही, पण दोन्ही टोकं जुळली. रक्कम आणि वेळ, एवढ्यावर काम भागतं.

मोनेरोत पारदर्शक पत्ते नाहीत, त्यामुळे ही चूक तिथे होत नाही. तिथे तुमचं खर्च होणारं नाणं इतरांच्या नाण्यांत मिसळून दाखवलं जातं. आज एकूण सोळा, त्यातलं खरं एक. सुरुवातीच्या वर्षांत मात्र अशी मिसळ न करताही व्यवहार करता येत असे. अनेकांनी तसंच केलं, आणि त्याची झळ दुसऱ्यांना बसली. ज्याचं नाणं उघडपणे खर्च झालं, ते इतरांच्या मिसळीच्या यादीतून बाद करता येतं. बाद करत करत एकच उरलं की तेच खरं, आणि मग तेही पुढच्या याद्यांतून बाद. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने 2017 च्या सुरुवातीपर्यंतच्या नोंदी अशा तपासल्या. मिसळ केलेल्या खर्चांपैकीही जवळपास 62 टक्क्यांमधलं खरं नाणं त्यांना ओळखता आलं. म्हणजे स्वतः काळजी घेणाराही शेजाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे उघडा पडला.

हे पुढे बरंच सुधारलं. 2016 मध्ये मिसळ सक्तीची झाली, 2017 मध्ये रकमा झाकल्या गेल्या, 2022 पासून सोळाचा आकडा ठरला. पण मला खरी काळजी वाटते ती साखळीवर, म्हणजे सगळ्या व्यवहारांच्या सामायिक नोंदवहीत, आधीच लिहिल्या गेलेल्या नोंदींची. त्या पुसता येत नाहीत, आणि उद्याचं तंत्र कालच्या व्यवहारांवरही चालतं.

शिवाय कडेच्या जागा आहेतच. ओळखपत्र देऊन एक्स्चेंजवरून, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडून, नाणी घेतलीत, तर किती नाणी कधी बाहेर नेली हे त्या एक्स्चेंजला ठाऊक असतं. तीच नाणी ज्या दुकानदाराकडे जातात तोही त्याच एक्स्चेंजवर ती जमा करत असेल, आणि हे वारंवार घडत असेल, तर सोळातलं खरं कोणतं याचा अंदाज हळूहळू पक्का होत जातो. दुसऱ्याच्या नोडला, म्हणजे साखळीची प्रत ठेवून व्यवहार पुढे पोहोचवणाऱ्या संगणकाला, वॉलेट जोडलंत तर त्याच्या मालकाला तुमचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) दिसू शकतो. स्वतःचा नोड चालवा, असं मी आवर्जून सांगतो ते यासाठीच.

मग वापरू नये का? जरूर वापरा. दुकानदाराने किंवा ओळखीच्या माणसाने तुमची शिल्लक चाळू नये, एवढंच हवं असेल तर मोनेरो ते काम फार चांगलं करतं. पण समोरचा एक्स्चेंजकडून नोंदी मागवू शकत असेल आणि त्याला घाई नसेल, तर त्याच भरवशावर जीव टांगू नका.

सोळाच्या जागी साखळीवरची जवळपास सगळी नाणी मिसळीला घ्यायची, या बदलावर मोनेरोचे विकासक काम करत आहेत. मला त्याची मनापासून वाट आहे. तो आल्यावर केलेल्या व्यवहारांना त्याचा फायदा होईल. आजवर झालेल्यांची मिसळ मात्र होती तेवढीच राहील.